उंच इमारती हव्यात की नकोत? एका न संपणाऱ्या वादाचा संशोधन-प्रश्न कसा करायचा

दिवाळीत नगरला घरी गेले होते. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं, सांभाळून घ्या.) मावसभाऊ म्हणाला, "चल ताई, चांदबिबीला जाऊन येऊ." तो सिव्हिलचा, यंदा पेटची तयारी करतोय, आणि मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. म्हणजे फिरायला जाऊन गप्पा कशावर होणार हे ठरलेलंच.

नगरच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: शहरापासून साधारण 13 किलोमीटरवर, पाथर्डी रस्त्याला, डोंगरावर ही अष्टकोनी दगडी इमारत आहे. नाव चांदबिबी महाल पडलं असलं तरी ती कबर आहे सलाबतखानाची, म्हणजे निजामशाहीतल्या मुर्तझा निजामशहाच्या वजिराची. आज तीन मजले उभे आहेत. मूळ बेत सात मजल्यांचा होता, म्हणजे वरून थेट दौलताबाद दिसावं, असं लोक सांगतात.

वर बसल्या बसल्या भावाने मोबाईलवर शांघाय टॉवरचा व्हिडिओ लावला. 632 मीटर, 128 मजले. म्हणाला, "बघ, हे लोक कुठे पोचले! आणि आपण अजून सावेडीत बारा मजले झाले तरी मान वर करून बघतो. माझा सिनॉप्सिस ठरला: भारतात अतिउंच इमारती बांधाव्यात का?"

मी हसले, कारण चार वर्षांपूर्वी मीही जवळजवळ हाच विषय घेऊन समितीपुढे उभी राहिले होते. दहा मिनिटं ऐकून एका सरांनी एवढंच विचारलं, "उत्तर 'हो' आलं तर तुम्हाला कशावरून कळेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला आणि सहा महिने गेले.

तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून ही पोस्ट. उंच इमारतींचा वाद हे उदाहरण आहे. तो वाद चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं का चालतो, आणि त्यातून मोजता येईल असा प्रश्न कसा बाहेर काढायचा, ते बघू.

पहिली गल्लत: उंची म्हणजे घनता नव्हे

उंच इमारतीच्या बाजूने सगळ्यात आधी येणारा मुद्दा असा: लोकसंख्या वाढतेय, जमीन तेवढीच आहे, मग वर जाण्याशिवाय पर्याय काय? ऐकायला बिनतोड वाटतं. आता कागद-पेन घ्या.

चाळीस गुंठ्यांचा प्लॉट धरू, म्हणजे साधारण 4,000 चौरस मीटर. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपण ज्याला एफएसआय म्हणतो, तो 2 धरू. म्हणजे एकूण बांधकाम 8,000 चौरस मीटर. एका घराला 80 चौरस मीटर लागतात असं धरलं तर 100 घरं होतात.

पर्याय अ: अर्धा प्लॉट व्यापला, म्हणजे एका मजल्यावर 2,000 चौरस मीटर. 4 मजल्यांत काम संपलं.

पर्याय ब: फक्त दहावा हिस्सा व्यापला, म्हणजे एका मजल्यावर 400 चौरस मीटर. आता 20 मजले लागतील.

दोन्हीकडे घरं 100च. माणसं तेवढीच, पाणी तेवढंच, शाळेत जाणारी पोरं तेवढीच. उंची मात्र पाचपट. म्हणजे 20 मजल्यांनी जमीन "वाचवली" ती जास्त लोकांसाठी नव्हे. खालच्या मोकळ्या जागेसाठी, किंवा वरच्या मजल्यावरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी.

एफएसआय चौपट करून 8 केला तरी अर्धा प्लॉट व्यापून 16 मजल्यांत सगळं बसतं. (प्रत्यक्षात अर्धा प्लॉट व्यापणं नेहमी शक्य नसतं, रस्ता, पार्किंग, सामासिक अंतरं सोडावी लागतात. पण मुद्दा कळला असेल.) शंभर मजल्यांची खरी गरज पडावी असे प्लॉट जगात फार थोडे आहेत.

ही माझी अक्कल नाही. केंब्रिजच्या लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी 1960 आणि 70 च्या दशकांत भूमितीनेच हे मांडलं. सुटे मनोरे उभे करण्यापेक्षा त्याच जागेत चौकाभोवती इमारत गुंडाळली, तर तेवढंच क्षेत्रफळ कितीतरी कमी मजल्यांत बसतं, असं त्यांनी दाखवलं. चौकाभोवती घर, म्हणजे आपला वाडा. नगरच्या जुन्या पेठांमध्ये फिरलात तर डोळ्यासमोर येईल.

शिकायचं काय? वादात दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बसलेल्या असतात. संशोधनाचं पहिलं काम त्यांना वेगळं करणं. "उंची" आणि "घनता" हे दोन वेगळे चल आहेत, हे कळलं की अर्धा वाद तिथेच शांत होतो.

दुसरा प्रश्न: उंचीची किंमत काय?

इमारत दुप्पट उंच केली तर खर्च दुप्पट होईल, असं वाटतं. तसं नसतं. वारा आडवा ढकलतो आणि इमारत जमिनीत रोवलेल्या दांडक्यासारखी वागते. वाऱ्याचा दाब सगळीकडे सारखा धरला तरी उंची दुप्पट झाल्यावर पायाशी येणारा उलथवणारा जोर चौपट होतो. आणि तोच छेद ठेवला तर टोकाचं डोलणं सोळापट! (स्ट्रक्चरवाल्यांनो, कॅन्टिलिव्हरच्या सूत्रातला लांबीचा चौथा घात आठवा.) शिवाय वर वारा जास्तच असतो. म्हणून मजले वाढतात तसं प्रत्येक चौरस मीटरमागे लागणारं स्टील वाढत जातं. मूळचे ढाक्याचे इंजिनिअर फझलूर खान यांनी 1960 च्या दशकात हे "उंचीचं जादा मोल" मांडलं, आणि ते कमी करायला नळीसारखी रचना पुढे आणली. आजचे बरेचसे मनोरे त्याच विचारावर उभे आहेत.

दुसरा खर्च लिफ्टचा. 90 व्या मजल्यावर जाणाऱ्याची लिफ्ट खालच्या 89 मजल्यांतून जाते आणि प्रत्येक मजल्याची थोडी जागा खाते. जितकं वर जावं तितके लिफ्टचे बोगदे वाढतात आणि विकता येण्याजोगी जागा घटते.

मग फायदा कुठपर्यंत टिकतो? 1930 साली क्लार्क आणि किंग्स्टन या दोघांनी न्यूयॉर्कमधला एक मोक्याचा प्लॉट धरून हिशोब केला. त्यावर 8 मजल्यांपासून 75 मजल्यांपर्यंत वेगवेगळ्या इमारती कागदावर काढल्या आणि प्रत्येकीचा परतावा मोजला. सर्वात जास्त परतावा आला 63 मजल्यांना. 75 ला तो परत खाली आला. जमिनीचा भाव वाढवला की हा आकडा वर सरकतो, भाव कमी धरला की खाली येतो.

इथे दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक, "किती उंच योग्य" याला एकच उत्तर नाही. ते जमिनीच्या भावाचं फलन आहे. मॅनहॅटनचे 63 मजले उचलून केडगावात लावता येणार नाहीत. दोन, हा अभ्यास प्रसिद्ध केला होता अमेरिकेतल्या पोलादी बांधकाम उद्योगाच्या संस्थेने. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. पण वाचताना "पैसा कुणाचा?" हे विचारायची सवय लागली पाहिजे. साहित्य-समीक्षेत हे एक वाक्य लिहिलंत तर परीक्षक मान डोलावतो.

तिसरा: वीज, आणि अभ्यास वाचायची पद्धत

2017 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या गटाने ब्रिटनमधल्या इमारतींच्या प्रत्यक्ष वीजवापराचे आकडे तपासले. 20 किंवा अधिक मजल्यांच्या ऑफिस इमारतींमध्ये दर चौरस मीटरमागे वीज 6 किंवा कमी मजल्यांच्या इमारतींच्या जवळपास अडीचपट लागत होती.

हे वाचून भाऊ उडालाच. "झालं की! उंच इमारती वाईट."

थांबा. अडीचपट कशामुळे? उंचीमुळे वारा आणि ऊन जास्त लागतं म्हणून? की उंच इमारती बहुतेक काचेच्या असतात म्हणून? की त्यांत बसणारी ऑफिसं वेगळ्या प्रकारची असतात आणि रात्रंदिवस चालतात म्हणून? संशोधकांनीही यातल्या काही शक्यता तपासल्या आहेत, पण तुम्ही मथळा वाचून थांबलात तर "सोबत आढळतं" आणि "त्यामुळे होतं" यातला फरक हातातून निसटतो. शिवाय लंडनचा निष्कर्ष थंड हवेतला. मे महिन्यात नगरचं ऊन बघितलंय ना? इथे तोच परिणाम येईल, कमी येईल की जास्त, हा स्वतंत्र प्रश्न आहे. आणि खरं सांगू, चांगला प्रश्न आहे.

याला पूरक अभ्यास 2021 चा आहे, पोम्पोनी आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी बांधकामाच्या सामानापासून वापरापर्यंतचं सगळं कार्बन-उत्सर्जन धरलं आणि उंची व घनता मुद्दाम वेगवेगळ्या मोजल्या. (आपली पहिली गल्लत आठवली?) त्यात दाट पण कमी उंचीची वस्ती उंच मनोऱ्यांच्या वस्तीपेक्षा सरस ठरली.

चीनने काय केलं, आणि मग का थांबवलं?

भावाच्या मोबाईलवरच्या व्हिडिओकडे परत येऊ. जगातल्या 200 मीटरपेक्षा उंच इमारतींपैकी जवळपास निम्म्या आज चीनमध्ये आहेत. त्या जमीन संपली म्हणूनच उभ्या राहिल्या का? काही ठिकाणी हो. पण आणखी कारणं आहेत. तिथे शहरातली जमीन सरकारी मालकीची, आणि तिचे वापरहक्क विकून स्थानिक सरकारं पैसा उभा करतात. एखादा प्रचंड मनोरा उभा राहिला की आजूबाजूच्या जमिनीचा भाव वाढतो, शहराचं नाव होतं. शेजारच्या शहराने 400 मीटर केले तर आपण 450 करायचे, ही चढाओढही आलीच.

या चढाओढीचं एक मोजमापही आहे. जगभरच्या उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये वरच्या वापरात येणाऱ्या मजल्यापासून टोकापर्यंतची पोकळ उंची मोजली. दुबईच्या 828 मीटर बुर्ज खलिफात अशी उंची 244 मीटर निघाली. चीनमधल्या नानजिंगच्या 450 मीटर झिफेंग टॉवरमध्ये 133 मीटर. मिरवायची उंची म्हणा हवं तर. सलाबतखानाच्या सात मजल्यांना निदान दौलताबाद बघायचं निमित्त तरी होतं!

मग अडचणी दिसू लागल्या. त्यानचिनमधला 597 मीटरचा मनोरा 2015 मध्ये पैशाअभावी थांबला, तो पुढची दहा वर्षं तसाच उभा होता. चांगशामध्ये 838 मीटरची इमारत तीन महिन्यांत उभी करू म्हणून 2013 मध्ये भूमिपूजन झालं. ती पायाच्या पुढे गेली नाही. आणि मे 2021 मध्ये शेंझेनमधली सुमारे 300 मीटरची एसईजी प्लाझा भूकंप नसताना, वादळ नसताना डोलायला लागली. लोक रस्त्यावर धावत सुटले. तज्ज्ञांच्या तपासणीत छतावरचा उंच मास्ट वाऱ्याने विशिष्ट लयीत थरथरत होता आणि ती थरथर इमारतीत उतरत होती, असं निघालं. मास्ट काढला, काही महिन्यांनी इमारत पुन्हा उघडली.

चीन सरकारने 2020 मध्ये 500 मीटरच्या वरच्या नव्या इमारतींना जवळपास दार लावलं आणि 2021 मध्ये नियम आणखी आवळले. 30 लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांत 150 मीटरच्या वर कडक मर्यादा, 250 च्या वर परवानगीच नाही.

म्हणून कुणी "चीन बघा" म्हणालं तर विचारा: कुठल्या सालचा चीन? 2015 चा की 2021 चा? ज्याने सर्वात जास्त बांधलं, त्यानेच लगाम घातला. पण त्यातून "उंच इमारती वाईट" असाही निष्कर्ष काढू नका. बंदी 500 मीटरवर आहे, 50 वर नाही. लहान शहरांना मर्यादा कमी आणि मोठ्यांना जास्त, म्हणजे नियम करणाऱ्यांनीही "किती उंच" हे "कुठे" याला बांधलेलं आहे.

मुंबई: आपल्या घरातला वाद

चीन लांब पडला. पारनेर, अकोले, संगमनेर या भागांतल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत आहे. तिथली सर्वात उंच इमारत, वरळीची पॅले रॉयाल, 320 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे शांघाय टॉवरची निम्मी. लोअर परळची 280 मीटरची वर्ल्ड वन उभी आहे श्रीनिवास मिलच्या जागेवर. गिरण्यांच्या जमिनींचे नियम 2001 मध्ये बदलले आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे मुंबईत उंचीचा प्रश्न "जमीन कुणाची आणि कुणाला मिळाली" या प्रश्नापासून सुटा करता येत नाही.

मुंबईच्या वादात दोन बाजू आहेत आणि दोन्ही अभ्यासू आहेत. एक बाजू म्हणते, बेटावर वर्षानुवर्षं एफएसआय 1.33 इतका कमी ठेवला, म्हणून घरांचं क्षेत्रफळ टंचाईत गेलं आणि भाव आभाळाला भिडले. नगररचनेचे अर्थतज्ज्ञ अलाँ बर्तो यांचं म्हणणं साधारण असं. दुसरी बाजू शिरीष पटेल यांची. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत नवी मुंबईची कल्पना मांडणारे ते इंजिनिअर. त्यांचा मुद्दा आपल्या चाळीस गुंठ्यांवरच तपासू.

8,000 चौरस मीटर बांधकामात 80 च्या हिशोबाने 100 घरं होतात. पण पुनर्वसनाच्या इमारतीसारखी 25 चौरस मीटरची घरं केली तर होतात 320. घरात पाच माणसं धरली तर पहिल्या ठिकाणी 500 माणसं आणि दुसऱ्या ठिकाणी 1,600. एफएसआय तोच. इमारत तेवढीच उंच. पण रस्त्यावर, शाळेत, नळावर गर्दी तिप्पटीहून जास्त. म्हणून परदेशातल्या श्रीमंत शहराचा एफएसआय उचलून इथे लावला की परिणाम तेच येतील असं धरणं चूक, असं पटेल सांगत राहिले.

दोघांपैकी बरोबर कोण? माझं मत विचाराल तर दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. बर्तो घरातली दाटी मोजतात, पटेल घराबाहेरची. एक कमी केली की दुसरी वाढू शकते. हे ओळखता आलं की तुम्हाला "संशोधनातली पोकळी" शोधत फिरावं लागत नाही. ती या दोघांच्या मधोमध दिसते.

एक घरची गोष्ट सांगते. माझी दुसरी मावशी मुंबईच्या पूर्व उपनगरात एका पुनर्वसन इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. चाळीतून तिथे गेली तेव्हा आनंदाने पेढे वाटले होते; स्वतःचा संडास, चोवीस तास दरवाजा बंद करता येण्याची सोय. नंतर लिफ्ट बंद पडायला लागली. महिना महिना बंद. मावशीचे गुडघे गेलेले. मागच्या वर्षी तिने मला सांगितलं, "अगं, खाली उतरून चार महिने झाले." टपरीवरच्या कुठल्याच बाजूने मावशीचा हिशोब मांडलेला मी ऐकला नाही. इमारतीची उंची मीटरमध्ये तीच राहते. लिफ्ट बंद पडली की मावशीसाठी ती दसपट होते.

मानखुर्द-गोवंडीकडच्या अशाच वसाहतींवरचा, डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर असलेल्या ठिकाणी खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि तिथल्या घरांमध्ये क्षयरोग जास्त, असं त्यात आढळलं. लक्षात घ्या, या इमारती सात-आठ मजल्यांच्याच आहेत. गगनचुंबी अजिबात नाहीत. तिथे घात केला तो दोन इमारतींमधल्या अंतराने. "उंची" हा एकच चल धरून बसलात तर हे दिसणारच नाही.

आणि उलट उदाहरणही घ्या. चार्ल्स कोरियांनी एकाच दशकात दोन्ही केलं. 1983 ची मुंबईतली कांचनजंगा, 28 मजले, उंची 84 मीटर, त्यात घरं फक्त 32. आणि सिडकोसाठी बेलापूरची वस्ती: सुमारे 6 हेक्टरांत जवळपास 550 कुटुंबं, बैठी आणि एकमजली घरं, छोट्या चौकांभोवती, नंतर वाढवता येतील अशी. म्हणजे हेक्टरी पाचशेच्या आसपास माणसं, लिफ्टशिवाय. एकच माणूस, दोन उत्तरं, कारण प्रश्न दोन होते.

एक सापळा: गाजलेली गोष्ट

इंटरनेटवर तुम्हाला "गगनचुंबी निर्देशांक" नक्की सापडेल. 1999 मध्ये अँड्र्यू लॉरेन्स या विश्लेषकाने मांडलेला: जगातली सर्वात उंच इमारत पूर्ण होते तेव्हा मंदी येते. एम्पायर स्टेट आणि 1930 ची मंदी, बुर्ज खलिफा आणि 2008 नंतरचा काळ. गोष्ट इतकी छान आहे की प्रास्ताविकात घालायचा मोह होतोच. मलाही झाला होता.

2015 मध्ये बार, मिझराक आणि मुंद्रा यांनी निवडक विक्रमी इमारती घेण्याऐवजी उंचीची सलग आकडेवारी घेऊन तपासलं. इमारतींच्या उंचीवरून मंदीचं भाकीत करता येत नाही. उलट अर्थव्यवस्था वर गेली की उंची वाढते, असं निघालं. चार उदाहरणं निवडून काढलेली गोष्ट सगळ्या आकड्यांपुढे टिकली नाही. सोयीची उदाहरणं गोळा करणं हा सिनॉप्सिसमधला सर्वात सामान्य दोष, आणि तो आपल्याला स्वतःच्या लिखाणात सर्वात उशिरा दिसतो.

मग प्रश्न कसा घडवायचा?

"बांधाव्यात का" यात एक भाग मूल्यांचा असतो आणि एक तथ्यांचा. मोकळं मैदान महत्त्वाचं की स्वस्त घर, हे कुठलंही मोजमाप ठरवून देणार नाही. ते समाजाने, नगरसेवकांनी, तुम्ही-आम्ही ठरवायचं. संशोधन एवढंच सांगू शकतं की अमुक निवडलंत तर तमुक किंमत पडेल, आणि ती कोण मोजेल. म्हणून कुठल्याही वादाला हे चार प्रश्न विचारा:

1. कुणासाठी? (बिल्डर, महापालिका, की सातव्या मजल्यावरची मावशी?)
2. कशाच्या तुलनेत? (20 मजले की रिकामा प्लॉट, हे नको, 20 मजले की तेवढ्याच घरांचे 4 मजले, हे हवं.)
3. कशाने मोजून?
4. किती काळासाठी? (ताबा मिळाल्याच्या दिवशीचं समाधान आणि पंधरा वर्षांनंतरचा मेंटेनन्स यात फार अंतर असतं.)

आता भावाचा विषय घेऊ. 2020 च्या डिसेंबरमध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियमावली आली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. ती नगरलाही लागू आहे. तेव्हा घरापासून दोन किलोमीटरवर करता येतील असे तीन प्रश्न आम्ही डोंगरावर बसूनच काढले:

पहिला: सावेडी परिसरातल्या सोसायट्यांमध्ये मजल्यांची संख्या वाढते तसा दर चौरस फुटामागचा मासिक मेंटेनन्स कसा बदलतो? (हिशोबवह्या सोसायट्यांकडे असतात. चेअरमनला चहाला भेटावं लागेल.)

दुसरा: 65 वर्षांवरची माणसं आठवड्यात किती वेळा घराबाहेर पडतात, आणि ते मजल्यावर व लिफ्ट चालू असण्यावर किती अवलंबून असतं? (इथे लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागेल. आधी ती, मग प्रश्नावली.)

तिसरा: शेजारच्या इमारतीचं अंतर आणि तिची उंची यांच्या गुणोत्तराप्रमाणे तळमजल्यावर दुपारी किती उजेड पोचतो? (लक्समीटर, मोजपट्टी आणि चिकाटी पुरते.)

तिन्हींची शीर्षकं "भारतात अतिउंच इमारती" इतकी दणदणीत नाहीत. पण "उत्तर हो आलं तर कशावरून कळेल?" असं कुणी विचारलं तर तिन्हींना उत्तर आहे. आणि या तिन्हींतून मिळालेला आकडा उद्या नगरमध्ये चौदाव्या मजल्याला परवानगी देताना कुणाच्या तरी टेबलावर कामाला येईल.

माझं स्वतःचं मत लपवत नाही. वाचलं-मोजलं त्यावरून मला वाटतं, घरांचा प्रश्न सोडवायला चारशे-पाचशे मीटर कुठेही लागत नाहीत. चार ते दहा मजल्यांत, अंतरं नीट सोडून, बहुतेक काम होतं. खूप महाग जमिनीवर, चांगल्या रेल्वे-मेट्रोला लागून, देखभालीचा पैसा आधी बाजूला ठेवून उंच जायला माझा विरोध नाही. पण हे मत आहे, प्रबंध नाही. प्रबंधात मला यातलं प्रत्येक वाक्य सिद्ध करावं लागतंय, आणि दोन ठिकाणी आकडे माझ्या मताच्या विरुद्ध गेलेत. त्याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये.

उतरताना भाऊ बराच वेळ गप्प होता. मग पायथ्याशी गाडीला किक मारता मारता म्हणाला, "ताई, दुसरा प्रश्न मी घेतो. मावशीवाला." मी म्हटलं, घे, पण आधी मावशीला विचार.

तुमच्याही डोक्यात "हवं की नको" छापाचा विषय असेल, तर आज रात्री वरचे चार प्रश्न लावून तो एका वाक्यात लिहून बघा. वाक्य जमत नसेल तर विषय अजून वादच आहे, एवढं समजा. आणि जमलं, तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी एकदा मोठ्याने वाचा आणि स्वतःलाच विचारा: उत्तर "हो" आलं, तर मला कशावरून कळेल?